एरवी सात

सिसिमिउत बंदरातून निघालो तेव्हा
हवामान सांगणारा म्हणाला, वारा वाढेल, इमाका.
आमच्याकडे इमाका म्हणजे कदाचित,
आणि कदाचित म्हणजे
दोर दुहेरी बांध.

मी अलेका. या बोटीवर बावीस हिवाळे रांधतेय.
हॅलिबटची डोकी, वाटाणे, राईचा काळा पाव,
आणि कॉफी, जी कधीच संपू द्यायची नसते.

नवा पोरगा आला, तुकुम्मेकचा धाकटा.
पहिल्याच दिवशी त्याला लाल पोशाखात कोंबलं:
दोन मिनिटांत आत, चेन हनुवटीपर्यंत.
चार मिनिटं धडपडला,
उताण्या पडलेल्या खेकड्यासारखा.
सगळे हसले. मी नाही.
परत, म्हटलं. परत. पुन्हा परत.
रात्री तो माझ्याशी बोलला नाही,
पाव मात्र तीन वेळा घेतला.

तिसऱ्या रात्री उणे अठरा.
लाट नाकावर फुटायची
आणि खाली पडायच्या आत
पाणी पाणी राहायचं नाही.
कठड्याची तार आधी मनगटाएवढी झाली,
मग मांडीएवढी.
वर सामू पडद्यांसमोर बसलेला.
पडदे हिरवे, सामू निवांत.

खाली माझ्या मगातली कॉफी डावीकडे कलली
आणि तिथेच विचार करत बसली.

बोट जोरात डोलते तेव्हा भ्यायचं नसतं.
डोलणारी बोट शुद्धीवर असते.
भ्यायचं ती कलून रेंगाळते तेव्हा,
परत यावं की न यावं
हे मनाशी ठरवत असल्यासारखी.

मी मोजलं. एरवी सात.
नऊ.
पीठ मळता मळता पुन्हा मोजलं.
अकरा.

पिठाळ हातांनीच वर गेले.
सामू, कॉफी उशिरा परततेय.
एखादा हसला असता.
त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे,
आणि गजर दाबला.

कप्तान कुनुक गंजीफ्रॉकवरच आला, इंजिन मंद केलं,
नाक वळवलं तरंगत्या बर्फाच्या कडेला,
जिथे लाटा दमून आडव्या होतात.
ज्याला जन्मभर भ्यायचं
त्याच्याच आडोशाला जायचं, असं हे पाणी.

लाकडी हातोडे काढले. लोखंड तारेलाच तोडतं.
कमरेला दोर, दोघादोघांनी,
वरचं आधी, दोन्ही बाजू सारख्या.
त्याच्याही आधी तराफा, मी ओरडले,
तराफ्यावरचा बर्फ!
का, असं कुणी विचारलं नाही.
माझ्या मिकीच्या बोटीवरही तराफा होता,
नवाकोरा, तपासणीची चिठ्ठी चिकटवलेला,
हातभर बर्फाखाली.
वाचलेल्या एकट्याने सांगितलं,
नखांनी खरवडत होते.

पाच तास.
पोरगा प्रत्येक घावाला
शाळेतल्या गणिताच्या मास्तरचं नाव घेत होता.
भुवया पांढऱ्या, म्हाताऱ्याच्या झालेल्या.
बर्फ समुद्रात पडायचा
वरून कुणी कपाटं ढकलावीत तसा.
उजाडणं म्हणतात तसं काही झालं नाही,
आभाळ जरा राखी झालं, इतकंच.
खाली आले, मग भरला, मोजलं.
नऊ.
थांबले. आठ.
मग बराच वेळ मोजायचंच विसरले,
चूल पेटवत होते.

बंदरात तपासनीस आला, छापील कागद घेऊन.
बर्फ किती टन? धोका कोणत्या उपकरणावर दिसला?
कुनुकने माझा मग पुढे सरकवला.
त्याने तो रकाना कोरा सोडला,
कॉफी मात्र प्यायला.

काल पोरगा न विचारता स्वयंपाकघरात आला,
लाल पोशाखाची घडी काखेत.
जमिनीवर पसरला, बूट काढले,
म्हणाला, लाव घड्याळ.

एक मिनिट पन्नास.

मी म्हटलं, परत.